सहा वर्षांच्या मुलासाठी पहिली डर्ट बाईक, तीही जुनी: कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा सहा वर्षांचा, उंची ११२ सेंटीमीटर, वजन १९ किलो. साइडची चाकं काढून वर्ष झालं, सायकल छान चालवतो. तासगावजवळ घरचं दोन एकर रान आहे, गाडी तिथेच फिरवायची. बजेट सव्वा लाख आणि त्यातच सगळं बसवायचंय. तीन जुन्या गाड्या तुम्ही बघून ठेवल्यात: ४९ सीसीची चायनीज मिनी डर्ट बाईक ३० हजारांना, यामाहाची पीडब्ल्यू५० ही ९५ हजारांना आणि कावासाकीची केएलएक्स११० दीड लाखाला. शेवटच्या गाडीचा मालक म्हणतोय, थोडी ओढाताण करा पण हीच घ्या, पाच वर्षं बघायला नको.

तिन्हींतली कोणती, असं तुम्ही विचारलंय. त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर काढू: मुलगा घाबरला तर यातली कोणती गाडी त्याला स्वतःला थांबवता येईल? मी पुण्यात डर्ट बाईकचं गॅरेज चालवतो आणि शनिवार-रविवारी लहान मुलांना शिकवतो. २०२४ च्या जानेवारीत बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल स्पर्धेची, पहिली शर्यत झाली, तेव्हापासून अशा चौकशा बऱ्याच वाढल्यात. येणारे पालक बहुतेक सीसी आणि किंमत विचारतात. मुलाचा हात ब्रेकच्या लिव्हरपर्यंत पोचतो का, हे फार थोडे विचारतात.

पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक मूल एकच गोष्ट करतं. गाडी जरा उसळली, तोल जायला लागला की दोन्ही मुठी घट्ट आवळतं. उजवी मूठ आवळली की मनगट खाली जातं आणि रेस वाढते. म्हणजे नेमकं थांबायचं असतं त्याच क्षणी गाडी पुढे सुटते. पोराला ओरडून याचा उपयोग नाही, ही शरीराची सवय आहे आणि ती जायला वेळ लागतो. तोवर त्याला सांभाळून घेणाऱ्या गोष्टी तीन: दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकणं, बोटं ब्रेकवर सहज पोचणं आणि रेस कितीही पिळली तरी ठरावीक मर्यादेपुढे न जाणं. गाडी निवडताना मी याच क्रमाने बघतो. इंजिनची अवस्था त्यानंतर. इंजिन बांधून घेता येतं, मुलाचे पाय लांब करता येत नाहीत.

आज घरी एक माप घ्या. मुलाला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं करा, दोन्ही पायांच्या मध्ये एक वही वरपर्यंत आडवी सरकवा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. या उंचीच्या मुलांचं ते साधारण ४८ ते ५० सेंटीमीटर भरतं. आता सीटची उंची बघा. पीडब्ल्यू५० ची सीट साधारण ४७.५ सेंटीमीटरवर आहे, तुलनेसाठी होंडाच्या सीआरएफ५० ची ५५ च्या आसपास, केएलएक्स११० ची ६८. चायनीज गाड्यांत एकच एक माप नसतं, त्यामुळे तिथे टेप घेऊनच जा. तुमच्या मुलाचे तळपाय पीडब्ल्यूवर पूर्ण टेकतील. सीआरएफवर चवडे टेकतील. केएलएक्सवर तो लोंबकळेल.

वजनाचंही तसंच. केएलएक्स११० ही ७६ किलोंच्या घरात आहे, म्हणजे मुलाच्या चौपट. ती त्याच्या पायावर पडली तर तुम्ही धावत जाईपर्यंत त्याला पाय काढता येणार नाही. गाडी म्हणून ती उत्तमच आहे: फोर-स्ट्रोक, चार गियर, हाताने दाबायचा क्लच नाही. आठ-नऊ वर्षांच्या, पन्नास सीसीची गाडी नीट चालवून झालेल्या मुलाला मी ती बिनधास्त देतो. पण शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतात तशी गाडी घेऊ नये. ढगळ गणवेशाने कुणाला लागत नाही. शिवाय पेलत नाही अशा गाडीवर दोनदा जोरात पडलेलं मूल तिसऱ्यांदा बसायला नको म्हणतं. मग दीड लाखाची गाडी गोठ्यात धूळ खात पडते आणि घरात सगळे म्हणतात, याला आवडच नाही. आवड होती, गाडी चुकली होती.

चायनीज गाडीबद्दल मी सरसकट वाईट बोलणार नाही. ती हलकी असते, सहा वर्षांच्या मुलाला पडल्यावर उचलता येते, आणि हे छोटं काम नाही. पण गॅरेजमध्ये येणाऱ्या या गाड्यांत तेच ते दोष दिसतात. सेंट्रिफ्युगल क्लचची, म्हणजे रेस वाढली की आपोआप पकडणाऱ्या क्लचची, स्प्रिंग ढिली पडते किंवा तुटते, मग स्लोवर ठेवलेली गाडी आपोआप पुढे सरकत राहते. रेसची केबल हलक्या प्रतीची असते, तिच्यात माती गेली की मूठ सोडल्यावरही रेस लगेच खाली येत नाही. चेन आणि सायलेन्सर बऱ्याचदा उघडे असतात, नेमके लहान पोटरीच्या उंचीवर. हँडलखालच्या फ्रेमच्या जोडाला आणि मागच्या आर्मला वेल्डिंगच्या कडेने केसासारखी चीर गेलेली सापडते, रंगाखाली ती चटकन दिसत नाही. या सगळ्यात मला सर्वांत जास्त खटकतं ते रेसचं वागणं. मूठ निम्मी फिरेपर्यंत काहीच होत नाही आणि मग एकदम सगळी ताकद येते. मोठ्या माणसाला त्यात गंमत वाटते. शिकणाऱ्या मुलाला मात्र किती पिळलं तर किती पळेल याचा अंदाज येत नाही, आणि शिकायचं तर तेच असतं. हाताशी चांगला मिस्त्री असेल, नवी केबल, नवी क्लच स्प्रिंग, चेनला गार्ड एवढं करून घ्यायची तयारी असेल, तर निभावता येईल. नसेल तर ३० हजारांत स्वस्तात सुटलो असं समजू नका.

माझं मत पीडब्ल्यू५० च्या बाजूने आहे, अर्थात गाडी धड असेल तर. ही गाडी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून जवळपास त्याच रचनेत निघते आहे. गियर नाहीत, हाताने दाबायचा क्लच नाही, चेनसुद्धा नाही, मागचं चाक शाफ्टवर, म्हणजे आत झाकलेल्या दांड्यावर फिरतं. म्हणजे बोट किंवा पँटची कड अडकायला काही उघडं नाही. दोन्ही ब्रेक हातात, सायकलसारखे. आणि रेसच्या मुठीशी एक स्क्रू असतो, तो आत घेतला की रेस तेवढ्यावरच थांबते. सुरुवातीला मी तो इतका आत घेतो की मूठ पूर्ण पिळली तरी मी शेजारून भरभर चालत गाडीबरोबर राहू शकतो. मुलगा तयार होईल तसा थोडा थोडा बाहेर काढायचा. त्या स्क्रूवर मुलाच्या मामाने, काकाने हात ठेवायचा नाही, हेही घरात आधीच ठरवून टाका.

आता गाडी बघायला जाल तेव्हाचं. मालकाला फोनवरच सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या इंजिनला हात लावा. गरम लागलं तर त्याने आधीच चालू करून ठेवलंय. थंड इंजिन किती किकमध्ये लागतं हे बघायला तुम्ही गेलात, म्हणून चहा घ्या, गप्पा मारा, इंजिन गार होऊ द्या आणि मग बघा. चोक ओढून तीन-चार किकमध्ये लागली तर ठीक. किक हाताने हळू दाबून बघा, मध्येच स्पष्ट विरोध जाणवला पाहिजे. पोकळ, सहज खाली गेली तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात आणि बोर-पिस्टनचा खर्च आहे.

त्यानंतर एअर फिल्टर उघडा. मालक नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा. फिल्टर स्वच्छ आहे की नाही हे दुय्यम, तो कालच धुतलेला असू शकतो. फिल्टरच्या पलीकडे, कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीत बोट घाला आणि आतून फिरवा. बोटाला नुसता काळपट तेलकट थर आला तर चालेल. चिमटीत घासल्यावर कचकच लागली, तांबूस माती आली, तर ती धूळ इंजिनात गेलेली आहे. टू-स्ट्रोक इंजिनाचं आयुष्य धूळ खाते, आणि मालकाने काहीही सांगितलं तरी ही नळी खोटं बोलत नाही.

पीडब्ल्यूचा एक खास मुद्दा ऑइलचा. हिच्यात टू-टी ऑइलची (टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर जळणाऱ्या ऑइलची) वेगळी टाकी असते आणि पंप ते इंजिनात सोडतो. काही मालक पंप बिघडला की किंवा भरवसा वाटत नाही म्हणून तो बंद करतात आणि पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात. यात वावगं काही नाही, फक्त नव्या मालकाला ते कळलं पाहिजे. म्हणून सरळ विचारा: पेट्रोलमध्ये ऑइल मिसळता का? मग ऑइलची नळी टाकीपासून इंजिनपर्यंत डोळ्यांनी बघा. तो म्हणाला मिसळत नाही आणि नळी कापून बंद केलेली दिसली, तर ते इंजिन कोरडं पळालंय. पुढे बोलू नका. तो म्हणाला मिसळतो, तर प्रमाण विचारून घ्या आणि घरी आणल्यावर टाकीवर ठळक अक्षरात लिहून ठेवा. नाहीतर कुणीतरी चांगल्या मनाने साधं पेट्रोल ओतेल आणि इंजिन सीझ होईल.

बाकी तपासणी कुठल्याही जुन्या गाडीसारखीच. पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू डावी-उजवीकडे फिरवा. मध्यावर खाच लागल्यासारखं अडलं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग, गेलाय. चाक वर-खाली धरून हलवा, खुळखुळलं तर बेअरिंग. शॉकअपच्या नळीवर तेलाची रेघ आहे का बघा. मागचं चाक उचलून हाताने फिरवा आणि शाफ्टच्या गियरकडून खरखर येते का ते ऐका. ब्रेकचा लिव्हर दाबा: हँडलला टेकायच्या बऱ्याच आधी चाक जाम झालं पाहिजे. फुटरेस्टच्या वेल्डिंगवरून नख फिरवा. प्लास्टिक तुटलेलं, सीट फाटलेली, स्टिकर गेलेले, याकडे बघूच नका. उलट भाव पाडायला ते उपयोगी पडतं.

एक चाचणी मात्र कुठल्याही परिस्थितीत सोडायची नाही. इंजिन बंद असताना मूठ पूर्ण पिळून सोडा, ती टप्पकन मागे आली पाहिजे. हँडल पूर्ण डावीकडे वळवून पुन्हा करा, पूर्ण उजवीकडे वळवून पुन्हा करा. मग गाडी मधल्या स्टँडवर किंवा मागचं चाक उचलून चालू ठेवा आणि मुठीला हात न लावता हँडल दोन्ही बाजूंना वळवा. वळवताना रेस आपोआप वाढली तर केबल ताणली जातेय. दुरुस्ती किरकोळ आहे, पण वळणावर स्वतःहून पळणारी गाडी लहान मुलाच्या हातात द्यायची नाही. गाडीचा रिस्ट्रिक्टर (ताकद रोखून धरणारा भाग) काढलाय, आता मस्त पळते, असं मालक कौतुकाने सांगेल, तर तो काढलेला भाग मागून घ्या आणि परत बसवा.

आणि मुलाला बरोबर न्या. बूट घालून सीटवर बसवा, इंजिन बंद ठेवून. हँडल धरायला सांगा आणि मूठ न सोडता दोन बोटांनी ब्रेक ओढायला सांगा. बोटांची टोकंच पोचत असतील तर लिव्हर जवळ घेता येतो का ते बघा. गाडी आडवी करून त्याला तिच्यापासून बाजूला व्हायला सांगा. ४१ किलोंची गाडी तो एकट्याने उचलू शकणार नाही, ते तुमचं काम. पण पाय कसा काढायचा हे त्याला यायला हवं.

परिस्थितीवर अवलंबून काय, तेही सांगतो. पहिलं म्हणजे सायकल. आपल्याकडची बरीच मुलं सायकल पायाने घासत थांबवतात, कारण सायकलचे ब्रेक धड नसतात. तुमचा मुलगा त्यातला असेल तर आधी त्याच्या सायकलचे ब्रेक नीट करून घ्या, चुन्याची रेघ मारा आणि पेडलवर उभं राहून येत हाताच्या ब्रेकने रेघेवर थांबायला शिकवा. हे जमेपर्यंत गाडी नको. पाय घासायची सवय घेऊन तो मोटरसायकलवर बसला तर घोटा दुखावेल. दुसरं, तुम्ही स्वतः किती वेळ शेजारी राहू शकता. गडी लक्ष देईल या भरवशावर ही गोष्ट करायची नाही. तिसरं, गाडी मुलाला हवीय की तुम्हाला. यात लाजायचं कारण नाही, वडिलांच्या आवडीतूनच बहुतेक मुलं इकडे येतात. पण त्याने स्वतःहून पुन्हा पुन्हा मागितली असेल तर शिकणं फार सोपं जातं.

इलेक्ट्रिकचा विचार करून ठेवायलाही हरकत नाही. हिरोच्या विडाने २०२५ च्या अखेरीस डर्ट.ई के३ ही लहान मुलांची इलेक्ट्रिक गाडी आणली, तिची सीट मुलाबरोबर वर घेता येते आणि वेग पालकांना मर्यादित करता येतो. नवी गाडीसुद्धा तुमच्या बजेटमध्ये बसते. किक नाही, धूर नाही, तापलेला सायलेन्सर नाही. पीडब्ल्यू तपासणीत नापास झाली तर मी दुसऱ्या जुन्या गाडीच्या मागे न लागता हीच बघेन. केटीएमची ५० एसएक्स मात्र कुणी स्वस्तात देऊ केली तरी आत्ता घेऊ नका. ती शर्यतीची गाडी आहे, ताकद एकदम येते आणि देखभाल किलोमीटरवर नाही, तासांवर मोजावी लागते.

कागदांचं बघू. या गाड्यांना आरसी नसते, नंबर मिळत नाही. म्हणून जुन्या मालकाकडचं मूळ बिल, गाडी बाहेरून आलेली असेल तर कस्टमचे कागद, आणि चेसिस नंबर लिहिलेली विक्रीची पावती त्याच्या ओळखपत्राच्या प्रतीसह घ्या. चेसिस नंबर फ्रेमवर स्वतः वाचा. घासलेला असेल तर गाडी सोडा. छोटी गाडी आहे, हिला कुठला कायदा, असं गावात कुणीतरी म्हणेल. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने चारपेक्षा कमी चाकांची आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाची गाडी वगळली आहे. ४९ सीसीची गाडी त्या सवलतीत बसत नाही. अल्पवयीन मुलाने ती रस्त्यावर चालवली तर २०१९ मध्ये आलेल्या कलम १९९अ नुसार पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घरापासून रानापर्यंत गाडी टेम्पोत किंवा पिकअपमध्ये घालूनच न्यायची, अंतर कितीही कमी असलं तरी.

रानाबद्दल तुम्ही फार लिहिलं नाहीत, म्हणून हे आवर्जून. तासगाव म्हणजे द्राक्षबागा, आणि बागेचे लोखंडी अँगल आणि तारा नेमक्या मुलाच्या गळ्याच्या उंचीवर येतात. बागेला लागून फिरवू नका. बांधाला काटेरी तार असेल तर तिच्यापासून पंधरा-वीस पावलं आत जुनी टायरं किंवा गवताच्या पेंढ्या ठेवून हद्द आखा. विहिरीला कठडा नसेल तर त्या रानात गाडी सुरूच करायची नाही, आधी कठडा. ठिबकच्या नळ्या गुंडाळून घ्या. जमीन काळी असेल तर उन्हाळ्यातल्या भेगांत दहा इंची चाक अडकतं, त्यामुळे मुरमाड तुकडा निवडा आणि एकदा कुळव फिरवून ढेकळं फोडून घ्या.

पैशांची वाटणी मी अशी करेन: भाव ९५ वरून खाली आलाच तर चांगलं, पण ९५ धरले तरी ३० उरतात. त्यातले वीसेक हजार मुलाच्या अंगावर घाला. हेल्मेट नवंच घ्यायचं, मोठ्या भावाचं किंवा वापरलेलं नाही. डोक्याचा घेर मोजून घ्या, हनुवटीचा पट्टा लावल्यावर हेल्मेट हलवलं की कपाळाची कातडी बरोबर हलली पाहिजे. गॉगल, हातमोजे, गुडघे-कोपरांचे गार्ड, छातीचं गार्ड आणि घोट्याच्या वरपर्यंतचे बूट. उरलेल्या दहा हजारांत केबल, ब्रेक लायनर, प्लग, गियर ऑइल आणि मनगटाला दोरी बांधायचा किल स्विच, म्हणजे मुलगा पडला की इंजिन बंद. लायनर आणि केबल परदेशातून मागवायला वेळ जातो, म्हणून गाडी बघतानाच त्यांची अवस्था टिपून घ्या.

पीडब्ल्यू तुमच्या मुलाला दीड-दोन वर्षं पुरेल. नीट ठेवलीत तर तेव्हा ती विकून बऱ्यापैकी पैसे परत येतात आणि त्यात भर घालून केएलएक्स घेता येते. त्यामुळे आज लहान गाडी घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं नाही.

उद्या पीडब्ल्यूच्या मालकाला फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा: ऑइल पंप चालू आहे का, मूळ बिल आहे का, आणि आम्ही येईपर्यंत इंजिन थंड ठेवाल का. तिन्हींची सरळ उत्तरं आली तर मुलाला आणि टेपला घेऊन जा. ऑइलच्या नळीचा आणि एअर फिल्टरमागच्या नळीचा फोटो इथे टाकलात तर गाडी घेण्याआधी मी नक्की बघून सांगेन.